मिऱ्याचा बंधारा नेमकं काय वाचवतो? किनाऱ्याच्या धुपेची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना जसं आहे तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मधले फोन काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत ना? कारण आजचा विषय थोडा आवाजाचाच आहे. लाटांच्या आवाजाचा.

दर पावसाळ्यात तुमच्या फोनवर एक रील हमखास येतं. मिऱ्याच्या किनाऱ्यावर लाट येते, बंधाऱ्यावर आपटते, दोन माणसं उंच उडते आणि मागे कुणीतरी ओरडतं, "अरे भिजला, भिजला!" खाली कमेंट ठरलेल्या. अर्धे लोक लिहितात, "वाह, कोकण!" आणि अर्धे लिहितात, "बंधारा कधी पूर्ण करणार?" मी रत्नागिरीची आहे, त्यामुळे मला दोन्ही कमेंट कळतात. पण त्या रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही आणि तिच्याबद्दल फार कोणी विचारतही नाही. ती म्हणजे बंधाऱ्याच्या पुढ्यातली वाळू. ती कुठे गेली?

आज तेवढंच बोलायचंय. किनारा झिजतो म्हणजे काय होतं, बंधारा काय वाचवतो, काय वाचवत नाही, आणि आपल्या गावासाठी काहीतरी मागायचं झालं तर नेमकं काय मागायचं. शेवटी फोन वापरून करता येतील अशी काही कामंही सांगते. म्हणजे हा भाग ऐकून नुसतं "बापरे" म्हणून बसायचं नाही.

आधी जागा समजून घेऊ

रत्नागिरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. शहराच्या समुद्राला लोकांनी दोन नावं दिलीत. मांडवीकडचा तो काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा तो पांढरा समुद्र. पाणी एकच, फरक वाळूचा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड, काळी खनिजं जास्त, म्हणून ती काळी दिसते. दोघांच्या मध्ये रत्नदुर्गाचं टोक समुद्रात शिरलेलं आहे. त्याच्या एका अंगाला मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर, दुसऱ्या अंगाला भगवती बंदर. आणि उत्तरेला मिऱ्याचा डोंगर.

आता मिऱ्या गंमतीशीर आहे. डोंगर समुद्रात, आणि त्याला जमिनीशी जोडणारी सखल वाळूची पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. या पट्टीवर घरं, नारळाच्या बागा, रस्ता, देवळं, सगळं काही. म्हणजे ज्याला आपण "जमीन" म्हणतो ती मुळात समुद्रानेच आणून टाकलेली वाळू आहे. त्याने दिली, तो परत मागू शकतो. उधाणाला पाणी बागेत शिरतं, विहिरीला खारट चव येते, आणि पट्टी अरुंद असल्यामुळे मागे सरकायचं म्हटलं तरी मागे खाडीच.

म्हणून तिथले लोक बंधारा मागतात तेव्हा ते उगाच ओरडत नाहीयेत, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ज्याच्या पडवीत रात्री पाणी येतं, त्याला पुण्यात बसून "निसर्गाशी जुळवून घ्या" म्हणणं सोपं आहे.

तिथे सुमारे साडेतीन किलोमीटरचा धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला. खर्च दीडशे कोटींच्या वरचा. मोठे दगड आणि टेट्रापॉड. टेट्रापॉड म्हणजे ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, मुंबईला मरीन ड्राइव्हवर बसून तुम्ही ज्यांच्यासमोर फोटो काढता तेच. १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेलं डिझाइन आहे ते. एकमेकांत पाय अडकतात, मध्ये पोकळ्या राहतात, आणि लाट त्या पोकळ्यांत शिरून दमते.

आणि हो, जहाज! ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. वादळ जमिनीवर आलं ते वर रायगडात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण रत्नागिरीसमोर उभं असलेलं 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटलं आणि थेट मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन टेकलं. खलाशी वाचले. जहाज मात्र तिथेच रुतलं आणि पुढे वर्षानुवर्षं सेल्फी पॉइंट झालं. बंधाऱ्याचं काय झालं यापेक्षा जहाजाचं काय झालं याची चर्चा जास्त. असो.

वाळूचं पासबुक

आता मुख्य मुद्दा. किनारा ही स्थिर वस्तू नाहीये. ती ये-जा आहे.

तुम्ही कोणत्याही पुळणीवर मे महिन्यात जा आणि मग ऑगस्टमध्ये जा. मे महिन्यात रुंद, सपाट, क्रिकेट खेळता येईल अशी पुळण. ऑगस्टमध्ये उतार उभा झालेला, वाळू कमी, कधी खालचे दगड उघडे पडलेले. वाळू चोरीला गेलेली नसते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा ती ओढून थोड्या आत, पाण्याखाली नेऊन ठेवतात. तिथे वाळूचा एक उंचवटा तयार होतो आणि मोठी लाट त्या उंचवट्यावरच फुटते. म्हणजे किनारा स्वतःच स्वतःसाठी पाण्याखाली बंधारा बांधतो! नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळत जातो, लाटा लहान होतात, आणि त्याच लाटा ती वाळू थोडी थोडी करून परत आणतात. दिवाळी उलटली की पुळण पुन्हा भरायला लागते.

हे बँकेच्या खात्यासारखं आहे. पावसाळ्यात पैसे काढले, हिवाळ्यात भरले. खातं चालू राहायला दोन गोष्टी लागतात. एक, शिल्लक पुरेशी हवी. दुसरी, काढलेले पैसे परत यायला वाट मोकळी हवी.

कोकणात शिल्लक मुळातच कमी असते. का? कारण आपला किनारा सलग नाही. दोन डोंगरांची टोकं समुद्रात घुसलेली, मध्ये एक छोटी पुळण. पुढे परत टोक, परत पुळण. आरे-वारे, गणपतीपुळे, भाट्ये, कुठेही बघा. टोकांमुळे एका पुळणीची वाळू दुसरीकडे सहज जात नाही आणि दुसरीकडून येतही नाही. प्रत्येकीचं पासबुक वेगळं. तमिळनाडूसारखा शेकडो किलोमीटरचा सलग वाळूचा किनारा नाही आपला. इथे थोडी वाळू गेली तरी लगेच जाणवतं.

मग शिल्लक कमी होते कशी?

एक, पुरवठा. वाळू येते नद्यांतून. आपल्या नद्या छोट्या, सह्याद्रीतून उतरून लगेच समुद्राला मिळणाऱ्या. त्यांच्या खाड्यांतून सक्शन पंप लावून वाळू उपसली तर ती ट्रकमधून बांधकामाला जाते, समुद्राला मिळत नाही. खाडीतल्या वाळूउपशाच्या बातम्या तुम्ही वाचता, पण तिचा संबंध पुळणीशी कोणी जोडत नाही. खाडीतून उपसलेली प्रत्येक ब्रास वाळू कुठल्यातरी पुळणीच्या खात्यातूनच वजा होते.

दोन, अडथळे. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत असते. बंदरासाठी समुद्रात लांब भिंत घातली की वाळू एका बाजूला अडते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. याचं भारतातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुदुच्चेरी. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे बंदराच्या भिंती झाल्या, आणि काही वर्षांत शहरासमोरची पुळणच नाहीशी झाली. उरले फक्त दगड. त्या शहराच्या एका पिढीला आपल्या गावाला पुळण होती हे फोटोंतूनच कळलं.

आपल्याकडे बंदर लागतंच. मिरकरवाड्यावर हजारो माणसांचं पोट आहे. पण मिरकरवाड्याच्या तोंडाशी गाळ साचतो आणि तो उपसावा लागतो, हे रत्नागिरीतलं प्रत्येक पोर जाणतं. आता विचार करा. एका ठिकाणी वाळू-गाळ नको तिथे साचतोय, आणि जवळच दुसऱ्या ठिकाणी वाळू कमी पडतेय. या दोन्ही एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. पण फायली वेगळ्या, टेंडरं वेगळी, बातम्याही वेगळ्या.

तीन, समुद्र स्वतः. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर चढली. ऐकायला एक वीत. पण सपाट पुळणीवर उभी एक वीत म्हणजे आडवे कितीतरी पाय. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे आधीपेक्षा जास्त. त्यात अरबी समुद्रातली वादळं. फयान नोव्हेंबर २००९, निसर्ग जून २०२०, तौक्ते मे २०२१. वादळ किनाऱ्यावर आलंच पाहिजे असंही नाही. तौक्ते गुजरातला जमिनीवर गेलं, पण १६ मे २०२१ ला रत्नागिरीसमोरून जाताना त्याने काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

अजून एक शाळेतलं गणित. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लाट दुप्पट उंच झाली की तिची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून पाणी थोडंसं खोल झालं, मोठी लाट न फुटता जवळपर्यंत आली, की नुकसान एकदम वाढतं.

देशभराचं चित्र सांगते आणि पुढे जाते. नॅशनल सेंटर फॉर कोस्टल रिसर्च ही केंद्र सरकारची संस्था. तिने १९९० ते २०१८ चे उपग्रहांचे फोटो तपासले. भारताच्या किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग झिजतोय. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौथा हिस्सा. आपला बराच किनारा खडकाचा, म्हणून आपण थोडे बरे. पण खडक झिजत नाही म्हणून टक्केवारी चांगली दिसते, आणि माणसं तर पुळणीवर राहतात!

बंधारा काय करतो

आता बंधाऱ्यावर येऊ. शांतपणे ऐका, कारण इथे लगेच दोन पार्ट्या पडतात.

बंधारा त्याच्या मागची जमीन धरून ठेवतो. हे काम तो करतो. घर, रस्ता, बाग, विहीर वाचू शकते. त्याच्यावर शंका नाही.

पण लाट भिंतीवर आपटून मागे फिरते तेव्हा जाताना पायथ्याची वाळू खरवडून घेऊन जाते. पुळणीवर लाट चढत जाते आणि दमते, भिंतीवर ती दमत नाही, उसळते. पायथा पोकळ झाला की दगड खाली बसतात. दगड बसले की बंधारा खचतो. खचला की वर आणखी दगड टाका. दर दोन-चार वर्षांनी "बंधाऱ्याला भगदाड" ही बातमी येते, तिच्यात दरवेळी भ्रष्टाचारच असतो असं नाही. असू शकतो, पण नसतानाही असं होतं. कारण वाळूवर ठेवलेला दगड आहे तो. म्हणूनच टेट्रापॉडचा उतार, पायथ्याशी रुंद पाया, खाली गाळणीचा थर या गोष्टी महत्त्वाच्या. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे अशा कामांची छोटी मॉडेलं करून त्यांच्यावर लाटा सोडून बघतात. म्हणजे हे शास्त्र आपल्याच राज्यात आहे, परदेशातून आणायचं नाहीये.

दुसरी गोष्ट. बंधारा जिथे संपतो तिथे पलीकडच्या घराचं काय? लाट भिंतीच्या टोकाला वळसा घालून तिथे जोरात खणते. मग पलीकडचा शेजारी म्हणतो, मलाही बंधारा द्या. मग त्याच्या पलीकडचा. असं करत करत बंधारा लांबत जातो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. पुळण जाते. आणि पुळण म्हणजे फक्त पर्यटकांचं उंट-घोडा नाही. रापण कुणी पाहिलीय? मोठं जाळं होडीतून अर्धगोल टाकतात आणि मग दोन बाजूंनी पंधरा-वीस माणसं किनाऱ्यावर उभी राहून ते ओढतात. बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, जो दोरीला हात लावेल त्याला वाटा. ट्रॉलर नाही, डिझेल नाही. पण उभं राहायला पुळण हवी! दगडांच्या बंधाऱ्यावरून रापण ओढता येत नाही. होडी वर घेता येत नाही. मासळी सुकवायला जागा राहत नाही. म्हणजे बंधारा ज्या माणसाचं घर वाचवतो, त्याच माणसाचा धंदा घालवू शकतो. हा हिशेब अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात येत नाही.

तसंच कासवांचं. वेळास, आंजर्ले या आपल्याच जिल्ह्यातल्या पुळणी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली, आणि आता गावातल्या घरांत कासव महोत्सवाचे पाहुणे राहतात. कासवीला अंडी घालायला भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. तिथे भिंत असली तर ती आल्या पावली परत जाते. वेळासला पुळण गेली तर कासव जाईल, आणि कासवाबरोबर घरगुती खानावळींचं उत्पन्नही जाईल.

मग दुसरं काय आहे?

चार-पाच रस्ते आहेत. कुठलाच जादूचा नाही.

पहिला, पाण्याखालची भिंत. लाट किनाऱ्यापर्यंत येऊ द्यायचीच नाही, आतच फोडायची. २०१० मध्ये आशियाई विकास बँकेने महाराष्ट्र आणि कर्नाटकासाठी किनारा संरक्षणाचा मोठा कार्यक्रम मंजूर केला. त्यात कर्नाटकातल्या उळ्ळालबरोबर आपला मिऱ्याही होता, आणि कल्पना होती ती समुद्रात रीफ आणि किनाऱ्यावर वाळूची भर यांची. म्हणजे मिऱ्याला दगडाशिवाय दुसरा विचार कागदावर आलेला आहे, हे माहीत असू द्या. पुदुच्चेरीला २०१८ मध्ये असा रीफ समुद्रात ठेवला आणि शहरासमोर पुन्हा वाळू जमायला लागली.

दुसरा, वाळू भरणं. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये द हेगजवळ एकदम २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर आणून टाकली आणि पुढे ती पसरवायचं काम वारा-लाटांवर सोडलं. "वाळूचं इंजिन" म्हणतात त्याला. आपल्याला तेवढं परवडणार नाही. पण बंदरातून उपसलेल्या गाळात चांगली वाळू असेल तर ती तपासून जवळच्या झिजणाऱ्या पुळणीवर टाकता येते का, हा प्रश्न तरी विचारायला काय हरकत आहे? गाळ असेल तर नाही, वाळू असेल तर हो. तपासल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा, झाडं. भाट्याला सुरूचं बन आहे. सुरू वारा अडवतो, छान दिसतो, पण त्याची मुळं उथळ. लाट पायाशी आली की सुरू आडवा होतो. निसर्ग वादळात उत्तर कोकणात किती सुरू पडले ते आठवा. पुळणीवर वाळू धरून ठेवायचं खरं काम करते ती जमिनीसरपट वेल, जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची. आपल्या लोकांनी तिला काय नाव दिलंय माहितीये? मर्यादवेल! समुद्राने इथपर्यंतच यायचं, ही मर्यादा. शास्त्रज्ञ ज्याला वाळूच्या टेकाडाची पहिली वनस्पती म्हणतात, तिला आपल्या आजीने एका शब्दात समजावून ठेवलंय. आणि आपण काय करतो? "बीच क्लीनिंग" म्हणून जेसीबीने प्लास्टिकबरोबर मर्यादवेलही खरवडून काढतो. प्लास्टिक हाताने उचला हो. वेलीला राहू द्या.

खाडीच्या बाजूला कांदळवन. मोकळ्या समुद्रासमोर कांदळवन उभं राहत नाही, हे लक्षात घ्या, व्हॉट्सॲपवर "सगळीकडे खारफुटी लावा" फिरत असतं. ती खाडीत, चिखलात काम करते. पण मिऱ्यासारख्या पट्टीला मागच्या बाजूनेही पाणी येतं, तिथे तिचा उपयोग आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष झाला, आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरला. आणि खारबंदिस्ती! खाडीकाठी मातीचे बांध घालून खाजणात भात पिकवणं, हे तर कोकणातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं पूरनियंत्रण. ते बांध फुटले की कोणी बांधत नाही, कारण शेती करायलाच माणूस नाही. मग उधाणाचं पाणी थेट वाडीत.

चौथा रस्ता, मागे सरकणं. हा सगळ्यात अवघड. नियमाने सांगायचं तर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा कायदा आहे. मग २०११ ची अधिसूचना, मग २०१९ ची. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केले. दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, बाकीच्या गावांत २०० मीटर. आता रेषा कुठली? भरतीची. आणि भरतीची रेषाच मागे आली तर? कायदा कागदावरच्या रेषेपासून मोजतो, समुद्र स्वतःपासून मोजतो.

आणि ज्याची जमीन गेली त्याचं काय? सातबाऱ्यावर जमीन, जागेवर पाणी. वादळात घर पडलं तर पंचनामा होतो, मदत मिळते. पण वर्षाला दोन पावलं असं करत जमीन गेली तर पंचनामा कोणत्या तारखेचा करणार? १५ व्या वित्त आयोगाने मात्र २०२१ ते २०२६ साठी पहिल्यांदा याच्याकडे नीट पाहिलं. धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी, देशभरासाठी, अशी शिफारस केली. देशाच्या मानाने रक्कम थोडी आहे. पण जमीन हळूहळू जाणं हीसुद्धा आपत्ती आहे, हे कागदावर आलं. तुमच्या गावाने मागणी करताना हा धागा पकडायला हवा.

तुमचे दोन प्रश्न

विषय जाहीर केल्यावर दोन प्रश्न बऱ्याच जणांकडून आले. त्यांची उत्तरं देते.

पहिला, "ताई, म्हणजे तुम्ही बंधाऱ्याच्या विरोधात का?"

नाही. जिथे घर आणि समुद्र यांच्यात वीस पावलं उरलीत, मागे खाडी आहे, तिथे आत्ताच्या आत्ता दगड लागतो. मिऱ्या तशी जागा आहे. माझं म्हणणं एवढंच की नुसता बंधारा मागू नका. बंधाऱ्याबरोबर चार गोष्टी लिहून मागा. होड्या उतरवायला आणि रापणीला कुठे जागा ठेवणार? टोकाच्या पलीकडच्या वाडीचं काय करणार? देखभालीचे पैसे दरवर्षी कुठून येणार? आणि पुढ्यात वाळू भरायचा विचार आहे का? ही पत्रं पत्तन विभागाला, महाराष्ट्र सागरी मंडळाला जातात. ग्रामसभेच्या ठरावात एक ओळ "बंधारा व्हावा" यापेक्षा हे चार प्रश्न गेले तर उत्तर देणं भाग पडतं. आणि जिथे अजून पुळण शाबूत आहे, तिथे फोटो छान येतात म्हणून भिंत आणि वॉक-वे मागू नका. तिथे भिंत घातली की झीज आपण बोलावून आणली.

दुसरा प्रश्न, "आमचा समुद्राजवळ प्लॉट आहे, होमस्टे काढायचाय, कर्ज घेऊ का?"

मी बँकवाली नाही, पण एक काम करा. लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा, त्यात मागच्या वर्षांचे फोटो बघायची सोय असते. आपला प्लॉट शोधा. जुन्यात जुना स्वच्छ फोटो घ्या आणि आजचा घ्या, दोन्ही एकाच ऋतूतले. झाडांच्या कडेपासून, म्हणजे जिथे वाळू संपून हिरवं सुरू होतं तिथून, एखाद्या पक्क्या घरापर्यंतचं अंतर दोन्हींत मोजा. पाण्याची कड मोजू नका, ती भरती-ओहोटीने हलते. अंतर कमी होत असेल तर कर्जाचे हप्ते किती वर्षांचे आहेत ते बघा आणि मग ठरवा. सोबत सीआरझेडचा नकाशा बघा, तो सरकारी आहे आणि सगळ्यांना खुला आहे. एजंट म्हणाला "सगळं क्लिअर आहे", तर त्याला म्हणा, नकाशावर बोट ठेवून दाखव.

फोन हातात आहेच, तर

एक. फोटो काढा, पण एकाच जागेवरून. २०१७ मध्ये सिडनीत हे सुरू झालं. किनाऱ्यावर एक स्टँड बसवला, येणारा-जाणारा त्यात फोन ठेवून फोटो काढतो, आणि सगळ्यांचे फोटो जोडून किनारा किती हलला ते संशोधक मोजतात. आपल्याला स्टँड नको. एखाद्या पक्क्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर खूण करा. महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, त्याच कोनातून. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. पाच वर्षं केलंत तर ते गावाचं दस्तऐवज होईल. पंचनाम्याला तारीख नाही म्हणून अडतं ना? ही घ्या तारीख.

दोन. उधाणाचे दिवस आधीच कळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती, हे तर आपले मच्छीमार पंचांग बघून सांगतात. त्यात वादळ किंवा उंच लाटा आल्या की संकट. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तिचं 'समुद्र' नावाचं ॲपही आहे. इशारा आला तर तो गावाच्या ग्रुपवर टाका, "गुड मॉर्निंग"च्या वर.

तीन. जुनी माणसं. आजी-आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी पुळण कुठपर्यंत होती? कुठलं झाड, कुठली विहीर, कुठली वाट पाण्यात गेली? व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवा. उपग्रहाचे फोटो काही दशकांचे आहेत, आजीची आठवण त्याच्याही मागची.

चार. आणि ते रील. टाका की, कोण नको म्हणतंय! फक्त कॅमेरा एकदा खाली वळवा. लाट मागे गेल्यावर बंधाऱ्याच्या पायथ्याशी काय उरतं ते तीन सेकंद दाखवा. आणि बंधाऱ्यावर चढून नको, पावसाळ्यात ते दगड शेवाळलेले असतात, जीव जातो.

शेवटचं बोलते. आपल्याला शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकवला. अलीकडे सरकारने नव्या पद्धतीने, जास्त बारकाईने मोजला तर तो ८७७ किलोमीटरच्या वर भरला. खाचाखोचा मोजल्या म्हणून वाढला, जमीन तेवढीच आहे. पण मला त्यात एक गोष्ट आवडली. नीट बघितलं की जास्त दिसतं. तुमच्या वाडीसमोरची दोनशे मीटर पुळण कुठल्या अहवालात येईल न येईल. ती तुम्ही बघा.

तुमच्या किनाऱ्याचं काय चाललंय ते मला व्हॉइस नोटने पाठवा. देवबाग, तारकर्ली, मुरूड, हर्णै, दिवेआगर, कुठूनही. नाव सांगायचं नसेल तर नुसतं गाव सांगा. देवबागकरांची तर मी वाटच बघतेय, कारण कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर मला पूर्ण वेगळा भाग करायचाय.

हा भाग आवडला तर गावाच्या ग्रुपवर टाका, आणि सरपंचांना वेगळा पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!